गोव्यात छोट्या धंद्याचं नाव नोंदवायचं तर कुठून सुरुवात करायची

एकट्या मालकाच्या धंद्याचं नाव नोंदवून घेणारं कार्यालय गोव्यात नाही, देशात कुठेच नाही. पणजीत रजिस्ट्रार ऑफ कंपनीज बसतात, पण ते कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या) पाहतात. नोंदणी खात्यातले रजिस्ट्रार ऑफ फर्म्स भागीदारी संस्था नोंदवतात. घरी खाजे-लाडू करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकणाऱ्या बाईचं किंवा डिचोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढणाऱ्या तरुणाचं यांपैकी कुणाकडेही काम नसतं. कायद्याच्या लेखी ते आणि त्यांचा धंदा एकच. पॅन तोच, कर्ज त्यांच्याच अंगावर. पाटीवरचं नाव म्हणजे मालकाचं टोपणनाव.

या टोपणनावाला वजन येतं ते कागदांमुळे. उद्यमचं, म्हणजे केंद्र सरकारच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं, प्रमाणपत्र, पंचायतीचं किंवा पालिकेचं ट्रेड लायसन्स, लागत असेल तर जीएसटी, खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी) आणि शेवटी बँकेचं चालू खातं, या सगळ्यांवर मालकाच्या नावाशेजारी तेच धंद्याचं नाव, त्याच स्पेलिंगमध्ये आलं की नाव ‘नोंदलं’ म्हणायचं. यातला एकही कागद ते नाव तुमच्या मालकीचं करत नाही. मालकीची वाट वेगळी, ती ट्रेडमार्कची. हा फरक न कळल्यामुळे लोक उद्यमचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात आणि वर्षभरानं पलीकडच्या गल्लीत त्याच नावाची पाटी लागली की थेट पोलिस स्टेशन गाठतात.

नाव ठरवताना

गोव्यात पाटीवर देव असतो. शांतादुर्गा, महालसा, दामोदर, मंगेश, सप्तकोटेश्वर या नावांची दुकानं प्रत्येक तालुक्यात सापडतील. असं नाव ठेवायला कुणाची आडकाठी नाही. मात्र ‘श्री शांतादुर्गा स्टोअर्स’ हे नाव आपल्याच एकट्याचं राहील, ही आशा सोडा. सगळे वापरतात ते नाव एकाच्या हक्कात देताना ट्रेडमार्क कार्यालय हात आखडतं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या शब्दावर एका व्यापाऱ्याला मक्ता द्यायला नकार दिला, त्यामागेही हाच विचार होता. देवाचं नाव हवंच असेल तर त्याला स्वतःचं काहीतरी जोडा: वाड्याचं नाव, घराण्याचं नाव, एखादा न रुळलेला शब्द.

काही शब्दांना कायद्यानंच बंदी आहे. १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या परिशिष्टात गांधी, नेहरू यांच्याबरोबर ‘शिवाजी’ हा शब्दही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो धंद्याच्या नावात वापरता येत नाही. आजूबाजूला तशा पाट्या दिसतात म्हणून आपलंही खपेल असं धरू नका, ट्रेडमार्कच्या अर्जात ते हमखास अडतं. भागीदारी करणार असाल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यात रॉयल, इम्पीरियल, किंग, क्वीन, एम्पायर असे शब्द राज्य सरकारच्या संमतीशिवाय चालत नाहीत. ‘रॉयल कॅटरर्स’ एकट्याच्या मालकीत निभावून जातं, पण भावाला भागीदार घेऊन संस्था नोंदवायला गेलात की त्याच नावाचा कागद परत येतो. कंपनी नसताना नावापुढे ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावलं तर कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे. हा दंड दिवसागणिक चढतो.

‘गोवा’ आणि ‘गोवन’ हे शब्द नावात घालायला हरकत नाही, पण ते ठिकाण सांगणारे शब्द असल्यामुळे त्यांच्यावर हक्क मिळत नाही. काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. खोल्याच्या मिरचीलाही आहे. अशी नावं त्या त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांची असतात. ‘खोला मिरची’ हाच आपला ब्रँड म्हणून नोंदवायला गेलात तर जमणार नाही. पाकिटावर माल कोणता ते लिहा आणि ब्रँडसाठी वेगळं नाव निवडा.

नाव मनात पक्कं झालं की अर्धा दिवस शोधात घालवा. ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. तिथे आधी शब्दावर आणि मग उच्चारावर असा दोनदा शोध घ्या. आपल्याकडे एकच शब्द रोमनमध्ये पाच तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे नुसत्या शब्दाच्या शोधात ‘कुळागर’ घातलं तर दुसऱ्याचं ‘कूलागार’ सापडणार नाही, उच्चाराच्या शोधात मात्र ते नेमकं वर येईल. त्यानंतर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर त्याच नावाची कंपनी आहे का ते बघा. शेवटी नकाशा, इन्स्टाग्राम आणि प्रत्यक्ष बाजार. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचा नंबर घालून त्याचं नाव कळतं, पण नाव घालून शोधता येत नाही. तिथे वेळ दवडू नका.

स्पेलिंग: निम्मी डोकेदुखी इथेच

दुसरीकडे फारशी न दिसणारी ही गोव्याची खास अडचण आहे. जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणानं लिहिलेल्या. कामतांचं आडनाव तिथे ‘सी’ने सुरू होतं, शेटांचं ‘एक्स’ने, परब ‘पोरोब’ होऊन बसतात. शाळेच्या दाखल्यावर वेगळं, आधारवर वेगळं, पॅनवर तिसरंच. गावांचंही तेच: फलकावर साखळी, इंग्रजी कागदावर सांकेलिम, बोलताना डिचोली, अर्जात बिचोलिम.

म्हणून कुठलाही अर्ज भरण्याआधी पॅन आणि आधार शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. उद्यम आधारवरच्या नावावर चालतं, जीएसटी पॅनवरचं नाव स्वतःच उचलतं. दोन्हीत तफावत असेल तर पडताळणी तिथेच थांबते आणि पुढची सगळी साखळी लटकते. आधी आधार किंवा पॅन दुरुस्त करून घ्या. दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. मूळ जन्मनोंदीतलंच आडनाव बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. नुसती वर्तमानपत्रातली जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र यावर काम भागत नाही.

धंद्याच्या नावाचंही एक रोमन स्पेलिंग आजच ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि प्रत्येक फॉर्मवर तेच उतरवा. ‘कुळागर फूड्स’ आणि ‘कुळागर फूड’ ही बँकेच्या नजरेत दोन नावं आहेत. ‘श्री’ एके ठिकाणी एक ‘ई’ने आणि दुसरीकडे दोन ‘ई’ने, ‘अँड’ एकीकडे शब्दात आणि दुसरीकडे चिन्हात, एवढ्यावरूनही फाइल परत येते.

जागेचे कागद

नावाचा अर्ज नावावरून क्वचित फेटाळला जातो. तो अडतो जागेवर. प्रत्येक कार्यालय विचारतं की धंदा जिथे चालणार ती जागा कुणाची. आपल्याकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर बहुतेकांकडे नसतं, कारण घरपट्टीची पावती अजून आजोबांच्या नावावर असते, विजेचं बिल वडलांच्या आणि एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर सहा काका-आत्यांची नावं असतात.

भाड्याची जागा असेल तर काम सोपं. भाडेकरार, मालकाच्या नावाची घरपट्टीची ताजी पावती किंवा विजेचं बिल, आणि ‘या जागेत अमुक नावानं अमुक धंदा करायला माझी हरकत नाही’ असं मालकाचं पत्र. या पत्रात धंद्याचं नाव घालून घ्या. नुसतं ‘दुकान चालवायला’ असं लिहिलेलं पत्र पंचायतीत चालून जातं, पुढे कुठेतरी अडकतं. मालक विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या घ्या. गोव्याच्या नागरी कायद्यात बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते आणि एकाच्याच सहीवर नंतर बोट ठेवलं जातं.

स्वतःच्या वडिलोपार्जित घरात धंदा असेल तर पंचायतीच्या सेक्रेटरीला आधी तोंडी विचारा की कुणाकुणाचं ना-हरकत पत्र लागेल. मयताच्या नावावर घरपट्टी असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस ठरवणारा दस्त, ज्याला सगळे सक्सेशन डीड म्हणतात, जोडा. वारसांमध्ये वाटणी झालेली नसेल तर बाकीच्या वारसांची पत्रं घ्या. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याचा, खटला कोर्टात पडून असेल तर तो संपायची वाट पाहू नका, त्यात वर्षं जातात. सहवारसांची पत्रं मिळत असतील तर त्यांवर काम होतं. एखादा भाऊ मुंबईत किंवा पोर्तुगालमध्ये असतो आणि नेमकी त्याचीच सही राहते, म्हणून या पत्रांना सगळ्यात आधी हात घाला.

मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर असलेल्या माणसाच्या, घरात आणखी एक गाठ असते. घरपट्टी आणि वीज तुमच्या नावावर, एक-चौदावर मात्र भाटकाराचं नाव. जीएसटीला घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल पुरतं. पंचायत जमिनीचा उतारा मागेल तेव्हा मुंडकार म्हणून झालेली नोंद किंवा मामलेदाराचा आदेश सोबत जोडा.

क्रम असा ठेवा

सगळ्यात आधी उद्यम. घरबसल्या होतं, पैसे लागत नाहीत, आणि धंद्याचं नाव छापलेला पहिला सरकारी कागद हातात येतो. पत्ता उद्यम रजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन. ‘गव्ह’ नसलेल्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट्स याच कामाचे पैसे घेतात आणि शोधात त्यांच्या जाहिराती वर येतात. आधार नंबर घातला की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग पॅन, मग संस्थेचा प्रकार ‘प्रोप्रायटरी’. त्यानंतर ‘नेम ऑफ एंटरप्राइज’ची चौकट. इथे लोक घाईत स्वतःचंच नाव भरतात आणि पुढे धंद्याच्या नावाचा पुरावा म्हणून हे प्रमाणपत्र बाद होतं. या चौकटीत पाटीवरचं नाव भरा. खाली युनिटचं नाव विचारतात, तिथेही तेच. पत्ता भरताना घरपट्टीवरचा घर क्रमांक आणि वाडा जसाच्या तसा उतरवा. एका पॅनवर एकच उद्यम मिळतं. दुसरा धंदा काढलात तर नवीन नोंदणी करू नका, त्याच नोंदणीत काम वाढवा. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर धंदा ‘सूक्ष्म’ गटात मोडतो. आपल्यातले जवळपास सगळे इथेच.

दुसरं ट्रेड लायसन्स. गावात पंचायत, शहरात नगरपालिका, राजधानीत पणजी महानगरपालिका. पंचायतीत अर्ज सभेपुढे ठेवला जातो, म्हणून पुढची सभा कधी हे विचारून त्याच्या काही दिवस आधी कागद द्या. सभेच्या आदल्या दिवशी दिलेला अर्ज पुढच्या खेपेला जातो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लायसन्स हातात आलं की तिथेच उभं राहून नाव, घर क्रमांक आणि मुदत वाचा. टंकलेखनाची चूक त्या क्षणी पाच मिनिटांत सुधारते. नंतर त्याच चुकीला पुन्हा अर्ज, पुन्हा सभा.

नोकर ठेवणार असाल तर गोव्याच्या १९७३ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याचा प्रश्न येतो. कामगारांचा आकडा सांगून लेबर इन्स्पेक्टरच्या कार्यालयात विचारा. पर्यटनाशी संबंध असेल, म्हणजे खोल्या भाड्यानं देणं, ट्रॅव्हल एजन्सी, गाइड, तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. बुकिंगच्या ॲपवर एक नाव आणि खात्याच्या नोंदणीत दुसरं, असं होऊ देऊ नका.

खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआय. १४ आकडी नंबर मिळतो आणि तो पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता घालणं वजनमापांच्या नियमांखालीही सक्तीचं आहे, म्हणून लेबलवरचं नाव एफएसएसएआयमधल्या नावाशी जुळलं पाहिजे. छापखान्यात हजारभर लेबलं टाकण्याआधी नंबर हातात येऊ द्या. आधी लेबल आणि मग नोंदणी असं करणाऱ्यांची लेबलं शेवटी रद्दीत जातात.

जीएसटी सगळ्यांना लागत नाही. नुसता माल विकत असाल तर वर्षाला ४० लाख, सेवा देत असाल किंवा खानावळ चालवत असाल तर २० लाख या उलाढालीपर्यंत सहसा मोकळीक आहे. ती ओलांडली की ३० दिवसांत अर्ज. मात्र राज्याबाहेर माल पाठवणं, ऑनलाइन बाजारपेठेवर विकणं यांचे नियम वेगळे, ते सल्लागाराला विचारा. अर्जात ‘लीगल नेम’ पॅनवरून आपोआप येतं, ते तुमचं स्वतःचं नाव. शेजारच्या ‘ट्रेड नेम’मध्ये धंद्याचं. गोव्याचा जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो, मग पॅनची दहा अक्षरं. समोरच्यानं दिलेल्या बिलावर २७ ने सुरू होणारा नंबर दिसला तर ती महाराष्ट्रातली नोंदणी. अर्जात काही खटकलं तर अधिकारी ऑनलाइन नोटीस काढतो आणि उत्तराला कामाचे सात दिवस देतो. ही नोटीस ईमेलवर येते आणि अनेकांच्या तशीच पडून राहते. अर्ज बाद होण्याचं हे सगळ्यात साधं कारण. नोंदणी झाली की प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं आणि नंबर प्रवेशाजवळच्या पाटीवर घालायचा. म्हणजे पाटीही सगळ्यात शेवटी रंगवा.

मग बँक. एकट्याच्या धंद्याच्या चालू खात्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मालकाच्या ओळखपत्रांशिवाय धंद्याच्या नावाचे कोणतेही दोन पुरावे द्यायचे असतात. उद्यम आणि ट्रेड लायसन्स मिळून सहसा दोन होतात. त्यासाठी जीएसटी हवाच असं नाही. शाखेत ‘जीएसटीशिवाय खातं निघत नाही’ असं सांगितलं तर ‘केवायसीच्या नियमात दोन पुरावे पुरतात’ असं नम्रपणे सांगा आणि शाखाधिकाऱ्यांना भेटा. बचत खात्यावर धंदा चालवण्याची खरी पंचाईत पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या वेळी होते: हॉटेलवाल्यानं चेक दुकानाच्या नावानं काढला की तो तुमच्या बचत खात्यात जमा होत नाही.

शिक्का बनवताना वर धंद्याचं नाव आणि खाली ‘प्रोप्रायटर’ असा घ्या. करारात ‘अमुक फूड्सचे प्रोप्रायटर श्री. तमुक’ असं पूर्ण लिहा. पैसे बुडवणाऱ्यावर दावा लावायची वेळ आली तर तो तुमच्या स्वतःच्या नावानं लावावा लागतो. दुकानाच्या नावावर तुमच्याविरुद्ध दावा होऊ शकतो, पण दुकानाच्या नावानं तुम्हाला तो लावता येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण गोव्याबाहेरचे सल्लागार ती विसरतात. गोव्याच्या नागरी कायद्याखाली सामाईक मालमत्ता असलेल्या जोडप्याचं धंद्याचं उत्पन्न आयकरात नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं. पाटीवर नाव एकाचं असलं तरी विवरणपत्र दोघांचं जातं. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमावरून इथले सीए याला ‘फाइव्ह-ए’ म्हणतात.

नाव स्वतःचं करायचं तर

ट्रेडमार्कचा अर्ज टीएम-ए या फॉर्मवर, गोव्यासाठी मुंबईच्या कार्यालयाकडे. ऑनलाइन भरलात तर वैयक्तिक अर्जदाराला आणि उद्यम असलेल्या छोट्या धंद्याला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. ऑनलाइनला डिजिटल सही लागते. अर्ज फेटाळला गेला तरी पैसे परत नाहीत, म्हणून आधीचा शोध महत्त्वाचा.

एकूण ४५ वर्ग आहेत आणि चूक इथेच होते. खाजे-लाडू ३० मध्ये, प्रक्रिया केलेला काजू २९ मध्ये, कोकमाचं सरबत ३२ मध्ये, फेणी ३३ मध्ये, खानावळ आणि राहायच्या खोल्या ४३ मध्ये. काजू विकणाऱ्यानं ३० मध्ये अर्ज केला तर नाव नोंदलं जाईल, पण ज्या मालासाठी हवं त्यासाठी नाही. बजेट एकाच अर्जाचं असेल तर लोगोऐवजी आधी नुसता शब्द नोंदवा. लोगो दोन वर्षांत बदलतो.

नाव आधीपासून वापरत असाल तर वापराची तारीख आणि त्यासोबत पुराव्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. यासाठी पहिलं बिल, पहिल्या लेबलचं छपाईचं बिल, जत्रेतल्या स्टॉलची पावती जपून ठेवा. आपल्याआधीपासून नाव वापरणाऱ्याला नोंदणी झालेला माणूसही सहसा हटवू शकत नाही, आणि ते ‘आधीपासून’ सिद्ध होतं ते अशाच चिटोऱ्यांवर. तपासणी अहवालात हरकती आल्या तर उत्तराला एक महिना. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं की इतरांना विरोधासाठी चार महिने. नंतर नोंदणी, दहा वर्षांसाठी. अर्ज केला त्या दिवसापासून नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. वर्तुळातलं ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच.

नाव बदलावं लागलं तर

क्रम तोच, पण बँकेपाशी जपून. उद्यममध्ये दुरुस्ती ऑनलाइन, फुकट. जीएसटीत बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज, आणि नाव हा अधिकाऱ्याच्या मंजुरीचा विषय असल्यामुळे तो लगेच लागू होत नाही. पंचायत आणि एफएसएसएआयलाही कळवा. नवीन नावाचे दोन कागद हातात आले की मगच बँकेत जा. तोवर जुन्या नावानं आलेले चेक भरून टाका, आणि ज्यांच्याकडून उधारी यायची आहे त्यांना नवं नाव कधीपासून लिहायचं ती तारीख लेखी कळवा. दुकानातला क्यूआर कोडही नव्यानं काढा. गिऱ्हाइकानं पैसे पाठवताना स्क्रीनवर जुनं नाव दिसलं की तो हात आखडतो, आणि सकाळच्या गर्दीत प्रत्येकाला समजावत बसायला कुणाला वेळ असतो?